लोकल संपते त्याच्या पुढं

भाचीचा फोन रात्री साडेनऊला आला. "मामा, प्राधान्यक्रम भरायचाय. परवा शेवटची तारीख. कुठला जिल्हा वर टाकू?"

डीएलएड झालं, टीईटी झाली, २०० गुणांच्या अभियोग्यता चाचणीत बरे गुण पडले. आता शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर जिल्ह्यांची उतरंड लावून ती लॉक करायची तेवढी राहिली होती. तिच्या आईचं म्हणणं, सोलापूर, नाही तर धाराशिव, नाही तर सांगली. वडिलांचं म्हणणं, पुणे. तिचं स्वतःचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं.

तासभर बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, निम्मं सांगायचं राहिलं आणि जे सांगितलं त्यातलं निम्मं उगाच होतं. म्हणून हे लिहून काढलं. मी २००६ साली शिक्षणसेवक म्हणून लागलो, मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून उठून सह्याद्रीच्या कुशीत गेलो आणि १२ वर्षं तिथं काढली. माझं सगळं भांडवल तेवढंच.

१. जिल्ह्याच्या नावाला भुलू नका

आमच्या वेळी पोर्टल नव्हतं. जिल्हा परिषदांच्या जाहिराती पेपरात यायच्या. डिमांड ड्राफ्ट काढायचा, पाकीट पोस्टात टाकायचं आणि वाट बघायची. मी चार ठिकाणी अर्ज केले. त्यातलं एक ठाणे. कारण काय, तर चुलतभाऊ डोंबिवलीला राहायचा. डोळ्यांसमोर चित्र तयार होतं: दिवसा शाळा, संध्याकाळी लोकल, रात्री भावाच्या खोलीवर आणि जमलंच तर बाहेरून एम.ए. यादीत नाव लागलं तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. "पोरगं मुंबईला लागलं." ठाण्याची मुंबई व्हायला आमच्याकडं एक पेढा पुरतो.

हातात पडलेल्या आदेशावर तालुका होता मोखाडा. टेबलापलीकडच्या भाऊसाहेबांना मी विचारलं, "स्टेशनपासून किती लांब आहे?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठल्या स्टेशनपासून?"

तेव्हाचा ठाणे जिल्हा १५ तालुक्यांचा होता. एक टोक मुंबईला चिकटलेलं, दुसरं गुजरातला आणि तिसरं नाशिकला. माझ्या वाट्याला तिसरं आलं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर कल्याण, तिथून कसारा लोकल. कसारा म्हणजे त्या मार्गावरचं शेवटचं स्टेशन. मुंबईची लोकल जिथं हात टेकते, तिथून माझा पुढचा प्रवास सुरू व्हायचा. जीपनं विहीगाववरून खोडाळा आणि खोडाळ्याहून पाड्यापर्यंत साडेचार किलोमीटर पायी. लोकलची माझी हौस अशी फिटली: तीन महिन्यांतून एकदा, शेवटपर्यंत, बसायला जागा मिळून.

नकाशात ठाणे, पण मोठा बाजार, मोठा दवाखाना, चपलेपासून चष्म्यापर्यंत सगळं नाशिकला. पुढं १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हाच फुटला. आठ तालुक्यांचा पालघर झाला, त्यात मोखाडा गेला आणि ठाण्याच्या नावानं लागलेला मी एका सकाळी पालघरचा झालो. आईला ते कळायला दोन वर्षं लागली. ती शेवटपर्यंत ठाणेच म्हणायची.

२. रिकामी जागा रिकामी का आहे, ते बघा

भाचीला हे मी सर्वांत आधी सांगितलं आणि तिला ते सर्वांत उशिरा पटलं. जिल्हा तुम्ही निवडता, शाळा निवडत नाही. शाळा मिळते समुपदेशनात, समोर असलेल्या रिक्त पदांच्या यादीतून. आता ही पदं रिक्त कुठली असतात? जिल्ह्यातले जुने शिक्षक बदल्यांमध्ये रस्त्यालगतच्या, शहराजवळच्या शाळा घेतात. सरकत सरकत जे तळाला उरतं, ते नव्या माणसाच्या पुढ्यात येतं. त्यात कुणाचं कपट नाही, रांगच तशी आहे.

म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करायची तर त्यांच्या मुख्यालयांवरून करू नका. प्रत्येक जिल्ह्यातला सर्वांत अवघड तालुका काढा आणि त्या तालुक्यांची उतरंड लावा. नाशिक म्हणजे गंगापूर रोड नव्हे, सुरगाणा धरा. पुणे म्हणजे कोथरूड नव्हे, वेल्ह्याचे घाट धरा. नांदेड म्हणजे किनवट-माहूर, चंद्रपूर म्हणजे जिवती, अहिल्यानगर म्हणजे अकोले तालुक्याचा डोंगरपट्टा. सातारा म्हटलं की आमच्याकडच्या लोकांना कंदी पेढे आठवतात. कोयनेच्या पाण्यापलीकडं कांदाटी खोऱ्यात लाँचनं जावं लागतं, ते आठवत नाही. नंदुरबार आणि गडचिरोली यांच्याबाबत मात्र कुणाची फसगत होत नाही. ती नावं ऐकूनच लोक घाबरतात आणि गंमत म्हणजे तिथं गेलेले माझे दोन मित्र माझ्यापेक्षा कमी हादरले. त्यांनी मनाची तयारी करून पाऊल टाकलं होतं. मी लोकलचा पास काढायच्या तयारीनं गेलो होतो.

ही उतरंड लावून झाली की स्वतःला एकच विचारायचं: यातल्या कुठल्या अवघडपणाशी माझं जमेल? एखाद्याला घाट चालतो, उन्हाळा चालत नाही. एखादीला एकटेपणा चालतो, पण चार किलोमीटर निर्मनुष्य वाट चालत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

३. गाव जुलैत बघा, मग एप्रिलमध्ये बघा

मंगळवेढा म्हणजे मालदांडी ज्वारीचा मुलूख. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर आम्ही देवाला नारळ फोडतो. मोखाड्यात २,००० मिलिमीटरच्या वर पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. हे आकडे मी भूगोलात शिकवले होते. अंगावर घेतले नव्हते.

पहिल्या जुलैत माझ्याकडं तीन शर्ट होते आणि तिन्ही ओले. काड्यापेटी पेटत नव्हती. खडू फळ्यावर उमटायच्या ऐवजी लगदा होऊन चिकटायचा. हजेरीपटाची पानं एकमेकांना सोडेनात. मी आणलेली काळी छत्री पहिल्याच आठवड्यात वाऱ्यानं उलटी केली. पाड्यावरच्या एका आजीनं मला इरलं दिलं आणि मी ते घातल्यावर पोटभर हसून घेतलं. वाटेत एक ओहोळ होता, जूनमध्ये घोटाभर. एका दुपारी तो छातीभर झाला आणि मी शाळेतच अडकलो. पोषण आहाराचे तांदूळ होते, मूगडाळ होती, म्हणून उपाशी राहिलो नाही. दोन रात्री बाकांवर झोपलो. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा पलीकडं दोन बापे कासरा घेऊन उभे होते. ते मला न्यायला आले होते, की आपल्या बैलाला शोधायला, हे मी अजून विचारलेलं नाही.

याच गावात एप्रिलमध्ये पाणी नसतं. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पाऊस कातळावरून धावत दरीत जातो, जमिनीत थांबत नाही. मार्चपासून बाया ओढ्याच्या पात्रात खड्डे करून त्यात झिरपलेलं पाणी वाटीनं हंड्यात भरतात. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात बांधलं गेलं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. डोंबिवलीच्या भावाच्या नळाला पाणी यायचं तेव्हा मी त्याला सांगायचो, बाबा, आमच्या गावचं पीत नसशील, पण आमच्या शेजारच्यांचं मुंबई पिते.

तर ज्या जिल्ह्याला पहिली पसंती द्यायची, तिथं एकदा पावसात जाऊन या. नाही जमलं तर तिथल्या एखाद्या शिक्षकाला फोन करून दोनच गोष्टी विचारा: पावसाळ्यात शाळेत कसं जाता आणि मे महिन्यात पाणी कुठून आणता. पगाराचं, बदलीचं, सगळं नंतर.

४. खोली

पहिली तीन वर्षं मला महिन्याला ३,००० रुपये मानधन होतं. आता प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला १६,००० मिळतात. रक्कम वाढली, तसं खोलीचं भाडंही वाढलं. पहिलं मानधन कागदपत्रं जुळेपर्यंत हाती येत नाही, तेव्हा निदान तीन महिने पुरतील एवढे पैसे गाठीला बांधून निघा. हे झालं हिशेबाचं.

खरा प्रश्न, राहायचं कुठं? नियम सांगतो, मुख्यालयी राहा. प्रत्यक्षात कित्येक पाड्यांवर भाड्याची खोलीच नसते. मग गुरुजी लोक जवळच्या मोठ्या गावात, नाही तर थेट शहरात राहतात आणि रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन करतात. याला आमच्यात अपडाऊन म्हणतात. मी पहिलं वर्ष खोडाळ्यात राहिलो, दुसऱ्या वर्षी दोघांच्या भागीत नाशिकहून अपडाऊन करून बघितलं. चार महिन्यांत पाठ गेली, पेट्रोलनं मानधन खाल्लं आणि एक गोष्ट लक्षात आली. शाळा सुटल्यावर पोरं जे बोलतात, ते मला कळेनासं झालं होतं. घड्याळाकडं बघणाऱ्या माणसाला पोरं काही सांगत नाहीत. तिसऱ्या वर्षी पुन्हा खोडाळ्याला आलो.

मी अपडाऊन करणाऱ्यांना नावं ठेवत नाही. लेकरांच्या शाळा, बायकोची नोकरी, म्हातारे आईबाप, प्रत्येकाचं कारण असतं. पण पहिल्या नोकरीत, पहिल्या दोन वर्षांत तरी शाळेपासून पायी किंवा सायकलीनं जाता येईल एवढ्या अंतरावर राहता येईल, असं गाव मिळालं तर ते चांगलं. शहर ४० किलोमीटरवर आहे म्हणून हुरळू नका. ४० म्हणजे रोजचे ८०, आणि त्यातले निम्मे घाटाचे.

५. सोबतीला कोण आहे?

एकशिक्षकी शाळा पहिल्या नोकरीला घेऊ नका. समुपदेशनात हातात दोन पर्याय असतील आणि एक रस्त्यालगतची एकशिक्षकी, दुसरी आडबाजूची द्विशिक्षकी असेल, तर दुसरी घ्या. माझ्या शाळेत मोठे गुरुजी होते, त्याच तालुक्यातले. त्यांनी मला काही शिकवलं नाही. ते फक्त शेजारच्या खोलीत शिकवायचे आणि भिंत कुडाची होती. डीएडच्या दोन वर्षांत जे कळलं नाही, ते त्या कारवीच्या भिंतीतून ऐकू आलं.

६. पोरं कुठल्या भाषेत रडतात?

अर्जात 'माध्यम: मराठी' असं असतं. आपली मातृभाषा मराठी, तेव्हा प्रश्न मिटला, असं आपल्याला वाटतं.

माझ्या वर्गात वारली पोरं होती, ठाकर होती, महादेव कोळी होती, दोन-चार कातकरी होती. मी सोलापुरी. "बसा की रे खाली," म्हणालो तर सगळा वर्ग माझ्याकडं बघत राहिला आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "की रे." त्या दिवसापासून माझं नाव 'कीरे गुरुजी' पडलं. ते मला सहा महिन्यांनी कळलं.

पहिलीत एक मुलगी होती. एका दुपारी ती उठून माझ्याजवळ आली आणि तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. मी म्हणालो, "जागेवर बस." ती पुन्हा म्हणाली. मी आवाज चढवला. ती जागेवर जाऊन बसली आणि थोड्या वेळानं तिच्याखालची जमीन ओली झाली. तिला बाहेर जायचं होतं. एवढंच विचारत होती ती, दोनदा. त्यानंतर ती तीन आठवडे शाळेला आली नाही. मोठे गुरुजी मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी एक दोनशेपानी वही काढली. डावीकडं पोरांचा शब्द, उजवीकडं पुस्तकातला. सुरुवात बाहेर जाण्यापासून, पोट दुखण्यापासून, भूक लागण्यापासून, कुणी मारलं म्हणून सांगण्यापासून. मग भांडी, झाडं, पक्षी, नाती, शेतीची कामं. पोरांना हा खेळ फार आवडला, कारण त्यात गुरुजींना येत नसायचं आणि त्यांना यायचं. पुस्तकातला हुरडा मी त्यांना समजावू शकलो नाही; ज्वारीच कुणी बघितली नव्हती. त्यांनी मला नागली दाखवली, वरई दाखवली, राब कशाला भाजतात ते सांगितलं, पहिल्या पावसात शेवळं कुठं उगवतात आणि नीट शिजवली नाहीत तर घसा कसा खाजतो, तेही. हे शेवटचं मी स्वतःच्या घशानं शिकलो. वर्षअखेर वहीत ४०० च्या वर शब्द झाले.

डीएडला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर हमखास प्रश्न यायचा. १९४५ साली बोर्डीला काम सुरू, १९५७ पासून कोसबाडची टेकडी, कुरणशाळा म्हणजे गुरं चारणाऱ्या मुलांची शाळा. एवढं लिहिलं की गुण मिळायचे. कोसबाड आमच्याच जिल्ह्यात, डहाणूकडं. पण या दोघींनी शाळेकडं न येणाऱ्या पोरांकडं शाळा का नेली, ते मला कळलं तेव्हा मी एका बकऱ्यांच्या कळपामागं चढ चढत होतो. तिसरीतला एक पोरगा शेळ्या सोडून येईना, म्हणून मी पाटी घेऊन त्याच्याकडं गेलो होतो. तो गुणाकार शेळ्यांच्या पायांवर करायचा आणि चुकायचा नाही.

तर ज्या तालुक्याचा विचार कराल, तिथली मुलं घरी काय बोलतात, ते आधी विचारा. पावरी, कोरकू, माडिया, गोंडी, वारली, कोलामी, गोरमाटी. नुसतं 'आदिवासी भाग' असं उत्तर मिळालं, तर सांगणाऱ्यालाही माहीत नाही असं समजा आणि दुसऱ्याला विचारा.

७. दिवाळीनंतरचा पट

जूनमध्ये माझ्या शाळेचा पट होता ३८. दिवाळीची सुट्टी संपवून आलो तर समोर २१ पोरं. मला वाटलं, सुट्टी वाढवली असेल. मोठे गुरुजी म्हणाले, "भट्टीला गेली." भात कापून झालं, नागली खळ्यावरून घरात आली की घरं कुलूपबंद होतात. खरं तर कुलूपही नसतं, दाराला काटेरी फांदी. माणसं भिवंडी-वसईकडं वीटभट्ट्यांवर जातात, उचल आधीच घेतलेली असते, आणि लेकरं मागं कुणाकडं ठेवणार? होळीला काही परततात, काही पावसाच्या तोंडावर.

मी हे नोकरी निवडताना विचारलं नव्हतं, विचारायचं असतं हेही ठाऊक नव्हतं. आमच्या मंगळवेढ्याकडून, सांगोल्याकडून, बीडकडून ऊसतोडीला टोळ्या जातात, ते मी जन्मापासून बघत होतो. पण आपल्या अंगणातलं दिसत नाही ते असं. हंगामी वसतिगृहाची योजना कागदावर चांगली आहे, पण ती चालायला गावात एक खमकी बाई लागते, जी २० पोरांना रात्री निजवेल. आमच्याकडं एक वर्ष ती मिळाली. त्या वर्षी नऊ पोरं मागं राहिली.

पट कमी झाला की शाळेवर गदा येते, शिक्षक अतिरिक्त ठरतो, हा दुसरा फटका. तेव्हा रिक्त जागांच्या यादीत शाळेपुढं जून-जुलैचा पट दिसला, तर जानेवारीत वर्गात किती पोरं बसतात, तेही विचारून घ्या.

८. घरच्यांना खरं सांगा

माझ्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी विचारलं, "मुलगा कुठं असतो?" वडील म्हणाले, "ठाण्याला, जिल्हा परिषदेत." हे शब्दशः खरं होतं. मुलीचे मामा मुंबईला कामानिमित्त आले आणि म्हणाले, जाता जाता जावयांची खोली बघून येतो. त्यांनी ठाणे स्टेशनवरून फोन केला, बाहेर उभा आहे, कुठं यायचं? मी म्हणालो, आता तिथून कसारा लोकल पकडा. ते रात्री आठला खोडाळ्यात उतरले, पायात पॉलिश केलेले बूट. जेवताना काही बोलले नाहीत. सकाळी उठून शाळेपर्यंत माझ्याबरोबर चालत आले. परत जाऊन त्यांनी काय सांगितलं ठाऊक नाही, पण लग्न मोडलं नाही. बायको अजून म्हणते, मामांनी फक्त एवढंच सांगितलं होतं की माणूस खूप चालतो.

जोडीदारही नोकरीत असेल, तर दोघांनी मिळून जिल्हा ठरवा, लग्नाआधी. पती-पत्नी एकत्रीकरणाची तरतूद बदल्यांमध्ये आहे. ती आहे म्हणून वेगळे जिल्हे घेऊन पाच-सहा वर्षं दोन चुली मांडणारी जोडपी मी बघितली आहेत.

९. तीन वर्षांनी परत येतो, असं म्हणून जाऊ नका

सगळे हेच म्हणून जातात. मीही म्हणालो. पिशवी भरतानाच आईला सांगितलं, तीन वर्षं शिक्षणसेवक, कायम झालो की बदली. आंतरजिल्हा बदलीला तिकडच्या जिल्ह्यात जागा रिकामी लागते, तीही बिंदुनामावलीत तुमच्या प्रवर्गाची. इकडून सोडायलाही जागा भरलेल्या असाव्या लागतात. त्यात आपला नंबर, त्यात नियम दर थोड्या वर्षांनी बदलणारे. अर्ज भराल त्या दिवशी चालू असलेला शासन निर्णय स्वतः वाचा, व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका. माझी तीन वर्षं १२ झाली.

त्या १२ वर्षांतली पहिली चार मी पिशवी न सोडता काढली, हे आज कबूल करतो. खोलीत खुर्ची घेतली नाही, कारण जायचंच आहे. भिंतीला खिळा मारला नाही. गावात बोहाडा असायचा, रात्रभर मुखवटे घालून सोंगं नाचायची, मी दार लावून अर्जाचे कागद लावत बसायचो. चौथ्या वर्षी एका पोराच्या बापानं विचारलं, "गुरुजी, तुम्ही कधी जाणार?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला कळलं की अख्ख्या पाड्याला ठाऊक आहे, हा जाणारा आहे. जाणाऱ्या माणसाला कुणी घरचं काही सांगत नाही. त्या वर्षी मी लाकडी खुर्ची घेतली.

२०१८ ला बदली झाली. सोलापूर जिल्हा! पेढे वाटायला आई नव्हती. बदलून आलेल्याची सेवाज्येष्ठता नव्या जिल्ह्यात शून्यापासून धरतात, त्यामुळं समुपदेशनाला माझा नंबर तळाला, आणि तळाला उरली होती अक्कलकोट तालुक्यातली सीमेवरची एक शाळा. मंगळवेढ्याच्या घरापासून ९० किलोमीटर. पहिल्या दिवशी वर्गात गेलो, "बसा की रे," म्हणालो. पोरं बघत राहिली. त्यांच्या घरात कानडी.

मी बाजारात जाऊन एक दोनशेपानी वही घेतली.

१०. विजेरी चांगली घ्या. मोबाइलची नको, वेगळी.

हे सगळं लिहून मी भाचीला पाठवलं. तिचा दुसऱ्या दिवशी रात्री ११ ला फोन. रात्रभर तालुक्यांच्या याद्या घेऊन बसली होती म्हणे.

"मामा, लॉक केलं. पालघर सहाव्या नंबरवर टाकलंय. रागावला नाहीत ना?"

"पाचव्यावर काय आहे?"

"नांदेड. किनवट धरून."

"आणि पुणे?"

"आहे, आहे. बाबांसाठी वर ठेवलंय. तेवढे मार्क नाहीयेत मला, लागणार नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "किनवटला गोंडी, कोलामी, गोरमाटी, काही गावांत तेलुगू. मामा, तुमच्या त्या वहीत शब्द कसे मांडले होते? अक्षरानं की विषयानं? फोटो पाठवता का?"

मोखाड्याची वही माझ्याकडं नाही. निघताना मी ती शाळेच्या कपाटात ठेवली होती, माझ्या जागी आलेल्या बाईंच्या हवाली करून. त्यांचा नंबर अजून आहे. नांदेडच्याच होत्या, पालघर मुंबईजवळ आहे ना, असं त्यांनीही मला विचारलं होतं. उद्या शाळा सुटल्यावर फोन लावतो.